माणूस वागतो कशासाठी? जाणिवेच्या नियंत्रणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या शाळांमध्ये मी समुपदेशक म्हणून काम करते. पालक येतात, शिक्षक येतात, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: "हा असा का वागतो?" या प्रश्नाचं सर्वांत पटणारं उत्तर मला विल्यम पॉवर्स या अमेरिकन संशोधकाच्या मांडणीत मिळालं. तिचं नाव पर्सेप्चुअल कंट्रोल थिअरी, म्हणजे जाणिवेच्या नियंत्रणाचा सिद्धान्त, थोडक्यात पीसीटी. या विषयावर बोलायला बसलं की जे प्रश्न हमखास येतात, ते इथे उत्तरांसकट लिहिले आहेत.

थोडक्यात सांगायचं तर हा सिद्धान्त काय म्हणतो?

माणूस काहीही करतो ते स्वतःला जे जाणवतंय ते हवं तसं राहावं म्हणून. हात-पाय हलवणं, बोलणं, चिडणं, गप्प बसणं ही सगळी साधनं आहेत आणि ती क्षणोक्षणी बदलत असतात. आपण धरून ठेवतो ते जाणवणं.

संध्याकाळच्या कल्याण फास्टमध्ये मधल्या जागेत उभ्या असलेल्या बाईकडे बघा. एका हाताने पर्स पोटाशी धरलेली, दुसऱ्या हातात मोबाइल, वरची कडी हाताच्या टप्प्याबाहेर. दादर सोडताना गाडी सांधे बदलते, डबा एका अंगाला झुकतो, मागून कोणीतरी रेटतं, पुढची बाई उतरायच्या तयारीने वळते. या सगळ्यात हिच्या पोटऱ्या, कंबर, पायांचे चवडे सतत काहीतरी करत असतात. कधी टाच उचलली जाते, कधी गुडघा किंचित वाकतो, कधी खांदा शेजारणीला टेकतो. डोळे मात्र मोबाइलवरून हलत नाहीत. "काय करत होतीस?" असं विचारलं तर ती म्हणेल, "उभी होते." तिची एक हालचाल दुसरीसारखी नव्हती, कारण एक धक्का दुसऱ्यासारखा नव्हता. कायम राहिलं ते तोल सावरलेला असल्याचं जाणवणं. पॉवर्स यांच्या मते आपलं सगळंच वागणं या जातीचं असतं.

यात नवीन काय? माणूस हेतूने वागतो हे आम्हाला माहीत आहेच की.

सामान्य माणसाला माहीत आहे, पण मानसशास्त्राने ते बरीच वर्षं बाजूला ठेवलं होतं. जॉन वॉटसन यांनी १९१३ साली वर्तनवाद मांडला. बाहेरून उद्दीपक येतो, प्राणी प्रतिसाद देतो, आणि मधल्या "हेतू", "इच्छा" वगैरे गोष्टींना विज्ञानात जागा नाही, असा तो पवित्रा होता. पुढे बी. एफ. स्किनर यांनी बक्षिसांच्या आधारे वागणं कसं घडवता येतं यावर काम केलं. नंतर मेंदूला संगणक मानणारे आले. त्यांनी मधला विचार परत आणला, पण वाट एकेरीच ठेवली: माहिती आत येते, मेंदू आज्ञा काढतो, शरीर ती पाळतं.

आज्ञेची अडचण लोकलमधल्या बाईला विचारा. मेंदूने आधीच ठरवून "उजवा गुडघा इतका वाकव" अशी आज्ञा दिली असती, तर पुढच्याच धक्क्याला ती पडली असती. जग सारखं बदलतं, त्यामुळे तीच कृती केली तर तोच परिणाम कधी मिळत नाही. तरीही माणूस तोच परिणाम पुन्हापुन्हा मिळवतो. हे कोडं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्येच सांगून ठेवलं होतं. लोखंडाचा कीस चुंबकाकडे ओढला जातो, पण मध्ये कागद धरला तर तो कागदालाच चिकटून बसतो. प्रेमात पडलेल्या माणसाच्या वाटेत भिंत उभी केली, तर तो भिंतीला तोंड लावून बसत नाही, वळसा घालतो किंवा चढून जातो. साध्य तेच, मार्ग वाटेल तितके. तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांनीही १८९६ मध्ये उद्दीपक-प्रतिसादाच्या तुटक साखळीवर आक्षेप घेतला होता. पण हे घडतं कसं, ते दाखवणारी यंत्रणा त्या काळात कोणाच्या हातात नव्हती.

मग ती यंत्रणा कुठून आली?

इंजिनिअर लोकांकडून. १९२७ मध्ये बेल लॅब्ज या अमेरिकन संशोधनसंस्थेतल्या हॅरॉल्ड ब्लॅक यांना टेलिफोनच्या ॲम्प्लिफायरमधला दोष काढताना निगेटिव्ह फीडबॅकची कल्पना सुचली. यंत्राने काय बाहेर टाकलं ते पुन्हा आत आणायचं, हव्या त्या मूल्याशी ताडून बघायचं आणि तफावत कमी होईल अशा दिशेने ढकलायचं. दुसऱ्या महायुद्धात यावर खूप काम झालं, आणि १९४८ मध्ये गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांनी सायबरनेटिक्स या नावाने ते सजीवांपर्यंत नेलं.

पॉवर्स (१९२६–२०१३) यांचं शिक्षण भौतिकशास्त्रातलं. मानसशास्त्राची चौकट त्यांच्यावर लादलेली नव्हती, आणि माझ्या मते हाच त्यांचा मोठा फायदा ठरला. क्लार्क आणि मॅकफार्लंड या सहकाऱ्यांबरोबर १९६० मध्ये त्यांनी पहिली मांडणी छापली. १९७३ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. वागणं म्हणजे जाणिवेचं नियंत्रण, हे त्याच्या नावातच होतं.

ही यंत्रणा नेमकी चालते कशी? गणित न लावता सांगा.

घरातला एसी घ्या. मे महिन्यातली दुपार आहे आणि रिमोटवर २४ अंश लावलेत. (स्टार लेबल असलेले एसी भारतात २०२० पासून २४ अंशांवरच सुरू होतात, तशी सरकारी अधिसूचना आहे.) एसीतला सेन्सर हवेचं तापमान घेतो, ते २४ शी ताडतो आणि तफावत असेल तितका कॉम्प्रेसर चालवतो. कोणी दार उघडं टाकलं, पाहुणे आले, पश्चिमेकडच्या भिंतीवर ऊन आलं, तरी त्याला यातलं काहीही कळायची गरज नसते. ऊन आणि पाहुणे यांच्यात फरक करण्याचीही नाही. सेन्सरवरचा आकडा ढळला की तो कामाला लागतो, बस्स.

आता सेन्सरजवळ एक पेटता बल्ब धरा. एसीला खोली तापल्यासारखी "वाटेल" आणि तो सगळ्यांना कुडकुडायला लावील. म्हणजे खोलीचं तापमान तो खरं तर सांभाळतच नव्हता. तो सांभाळत होता सेन्सरवर उमटणारा आकडा. माणसाचंही असंच आहे. जग प्रत्यक्षात कसं आहे ते आपल्याला थेट हाती लागत नाही, आपल्याला लागतं ते जाणवलेलं जग. वर्गात सगळे आपल्याला हसतायत असं ज्या मुलाला जाणवतं, तो त्या जाणवण्यावर उपाय करतो. खरंच कोणी हसत होतं की नाही, हा वेगळा मुद्दा.

एसी आणि माणूस यांच्यात एक फरक मात्र मोठा आहे. एसीचं २४ आपण बाहेरून लावतो, माणसाचा आकडा आतून लागतो. पॉवर्स याला संदर्भमूल्य म्हणतात. मी पालकांशी बोलताना साधं "हवं ते" म्हणते. तुमच्या मुलाच्या आतला रिमोट तुमच्या हातात नाही. पालकांना हे पचवायला सर्वांत जड जातं.

हे घरी करून बघता येईल असं काही आहे का?

आहे, आणि ते करून बघितल्याशिवाय हा विषय नीट डोक्यात शिरत नाही. पॉवर्स स्वतः हाच प्रयोग दाखवत.

सारखे दोन रबर बँड घ्या, एकमेकांत अडकवून मध्ये गाठ मारा. टेबलावर कागद ठेवून त्यावर एक ठिपका काढा. एका टोकात तुमचं बोट, दुसऱ्यात मैत्रिणीचं. तिला हळूच सांगा, "गाठ ठिपक्यावर ठेव." तिसऱ्या माणसाला यातलं काही सांगू नका, त्याला नुसतं बघू द्या. आता तुमचं बोट सावकाश इकडेतिकडे न्या. तुम्ही बोट मागे ओढलं की ती तिचं मागे ओढेल. तुम्ही पुढे आणलं की ती पुढे आणेल. तुम्ही डावीकडे गेलात की ती विरुद्ध अंगाला जाईल. बघणाऱ्याला विचारा काय चाललंय. तो म्हणेल, "ही तुमची नक्कल करतेय, आरशातल्यासारखी." बोटांच्या हालचाली मोजल्या तर आलेखही त्याच्याच बाजूने साक्ष देईल. तुमची हालचाल कारण, तिची हालचाल परिणाम.

पण ती नक्कल करत नव्हती. तिचं लक्ष तुमच्या बोटाकडे नव्हतंच. तिच्या डोळ्यांपुढे गाठ होती आणि ठिपका होता. बघणाऱ्याला ते दोन्ही दिसले नाहीत, कारण गाठ जागची हलतच नव्हती, आणि न हलणाऱ्या गोष्टीकडे आपली नजर जात नाही.

आता तिच्या बाजूला आणखी एक रबर बँड एकापुढे एक असा अडकवा, म्हणजे तिची बाजू दोन बँडांइतकी लांब होईल. गाठ ठिपक्यावरच ठेवायची तर तिला आता बोट तुमच्या दुप्पट अंतर हलवावं लागतं. बघणाऱ्याने काढलेला "कारण-परिणामाचा नियम" बदलला. तिच्या मेंदूत मात्र काहीच बदललेलं नाही, बदलला तो रबराचा गुणधर्म. पॉवर्स यांनी १९७८ च्या एका शोधनिबंधात हा मुद्दा लावून धरला. उद्दीपक आणि प्रतिसाद यांच्यात जो संबंध आपण मोजतो, तो पुष्कळदा माणसाबद्दल काहीच सांगत नसतो, तो आजूबाजूच्या परिस्थितीबद्दल सांगत असतो. अख्ख्या एका शास्त्राने असं रबर मोजत बसणं शक्य आहे, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

समोरच्याला काय हवंय ते ओळखायचं कसं? विचारलं तर सांगत नाहीत.

पुष्कळदा त्यांनाही शब्दांत सांगता येत नाही. त्यासाठी पॉवर्स यांची चाचणी आहे. आधी अंदाज करा: हा माणूस अमुक गोष्ट सांभाळत असावा. मग त्या गोष्टीला हलकासा धक्का द्या. तो धक्का त्याने भरून काढला, तर अंदाजात तथ्य असू शकतं. काहीच न करता त्याने बदल होऊ दिला, तर अंदाज चुकला, दुसरा करा. धक्का भरून निघतोय ते त्याच्याच कृतीमुळे ना, आणि त्याला तो कळू शकत होता ना, एवढंही तपासून घ्या.

सातवीतला एक मुलगा होता. मराठीच्या तासाला रोज पाणी प्यायला जायचा, अडवलं तर शेजारच्याची पट्टी ओढायचा. बाईंनी समज दिली, वहीत शेरा लिहिला, चांगला वागलास तर स्टार देईन असंही सांगितलं. फरक शून्य. मी मागच्या बाकावर बसले. बाई धडा ओळीने वाचायला सांगायच्या, आणि त्याच्या पुढे दोन मुलं उरली की हा उठायचा. एक दिवस बाईंना म्हटलं, आज उलट्या टोकाने सुरू करा. आता पाळी लवकर येणार होती, तर तो लवकर उठला. दुसऱ्या दिवशी प्रकट वाचन ठेवलंच नाही, तर तास संपेपर्यंत पाणी आठवलं नाही. तहान, खोडी, लक्ष वेधून घेणं हे सगळे अंदाज बाद झाले. सगळ्यांसमोर अडखळत वाचण्याची वेळ येऊ नये, एवढंच तो सांभाळत होता. मग बाई त्याला आदल्या दिवशी परिच्छेद दाखवून ठेवू लागल्या. त्याने घरी आजीपुढे वाचून यायला सुरुवात केली आणि फेऱ्या हळूहळू थांबल्या. "पाणी प्यायला जाणं" या वागण्यावर आम्ही वर्षभर उपाय केले असते तरी हात हलवत परत आलो असतो.

क्रिकेटमधला झेल हे उदाहरण नेहमी का देतात?

कारण तिथे हिशेब करणारा मेंदू आणि नियंत्रण करणारा मेंदू यांतला फरक स्वच्छ दिसतो. शिवाजी पार्कवर उंच उडालेला चेंडू पकडायला धावणारा मुलगा चेंडूचा वेग, कोन, वारा यांवरून पडण्याची जागा काढत असेल असं वाटतं. सेव्हिल चॅपमन या भौतिकशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवलं की एवढं लागतच नाही. नजरेत चेंडू एकसारख्या गतीने वर चढताना दिसत राहावा, अशा बेताने धावलं की पुरतं. चढण्याची गती वाढतेय असं दिसलं तर चेंडू डोक्यावरून जाणार, मागे सरा. मंदावतेय असं दिसलं तर पुढे या. कुठे पडणार हे आधी माहीत नसतानाही तो बरोबर तिथे पोचतो. पुढे बेसबॉलच्या खेळाडूंवर यासंबंधी बरेच अभ्यास झाले. नक्की कोणतं दृश्य स्थिर धरलं जातं यावर मतभेद आहेत, पण काहीतरी दृश्य धरून धावणं चालतं, याला बरीच मान्यता आहे.

सगळं वागणं तोल सांभाळण्यासारखं कसं असेल? प्रामाणिकपणा, आईपण याचं काय?

इथे पॉवर्स यांची पायऱ्यांची कल्पना येते. त्यांनी अकरा पायऱ्या सुचवल्या. अगदी खाली तीव्रता आणि संवेदना, मग आकार, बदल, घटना, परस्परसंबंध, वर्गवारी, क्रम, "असं असेल तर तसं" अशा प्रकारची योजना, तत्त्वं, आणि सर्वांत वर "मी कोण, माझं कुटुंब काय, माझा समाज काय" अशा समग्र कल्पना. वरची पायरी स्नायूंना आज्ञा देत नाही. ती खालच्या पायरीला एवढंच सांगते, "तुला अमुक जाणवलं पाहिजे." ते कसं जमवायचं ते खालची बघते.

"मी आईकडे लक्ष देणारी मुलगी आहे" ही वरची कल्पना. त्यातून "रोज चौकशी करायची" हे तत्त्व, त्यातून "ठाण्याला उतरल्यावर फोन, रेंज नसेल तर मेसेज" ही योजना, आणि तिथून खाली बोटाला मोबाइलची काच लागल्याचं जाणवेपर्यंत. हीच पायऱ्यांची माळ वरून बघितली तर "का?" या प्रश्नाचं उत्तर मिळतं, खालून बघितली तर "कसं?" याचं. अकराच का, बारा का नाहीत, असं विचारलं तर पॉवर्स स्वतः या यादीला पक्की मानत नव्हते. मी ती नकाशासारखी वापरते, पोथीसारखी नाही.

मग आपण सगळे स्वार्थीच ठरतो का?

नाही. मला जे जाणवतं ते मी सांभाळते, पण त्यात "बाळ पोटभर जेवलंय" हेही जाणवणं असतं आणि "शेजारच्या काकूंना एकटं वाटत नाही" हेही.

भांडणं का होतात? आणि ओरडून का मिटत नाहीत?

एकाच गोष्टीसाठी दोघांनी दोन वेगळे आकडे लावले की भांडण ठरलेलंच. चाळीतली दहा बाय बाराची खोली डोळ्यांपुढे आणा. आजोबांना मालिका बघायची आहे, कानाने कमी ऐकू येतं, टीव्हीचा आवाज ३० वर. नात बारावीला, त्याच खोलीत खाटेवर पुस्तक घेऊन बसलेली, तिला १० च्या वर नको. ती कमी करते, ते वाढवतात. ती रिमोट लपवते, ते उठून टीव्हीची बटणं दाबतात. दोघांचाही जोर वाढत जातो आणि आवाज मधेच कुठेतरी लटकतो, दोघांनाही न परवडणारा. समाजशास्त्रज्ञ केंट मॅक्लेलंड यांनी संगणकावर अशी मॉडेल्स चालवून हेच दाखवलं. ओढाताणीत ती गोष्ट दोघांच्या मागण्यांच्या मध्ये अडकते, आणि ती नुसती तिथे राहावी म्हणूनही दोघांना प्रचंड ताकद लावावी लागते. बाहेरून सगळं शांत दिसलं तरी आतून दोघं थकलेले असतात. कित्येक संसार असेच चालतात.

यात "कोण बरोबर?" विचारून काही निघत नाही. एक पायरी वर जाऊन विचारावं, "तुम्हाला आवाज कशासाठी हवा?" आजोबांना ३० हा आकडा नको असतो, त्यांना संवाद कळायला हवे असतात. नातीला शांतता हवी असते ती वाचलेलं डोक्यात राहावं म्हणून. वरच्या पायरीवर दोघांत भांडण नाहीच. साध्या हेडफोनने प्रश्न सुटतो. सगळी भांडणं इतक्या स्वस्तात सुटत नाहीत हे मला माहीत आहे, पण वरची पायरी न बघता सुटलेलं भांडण मी फारसं पाहिलेलं नाही.

एकाच माणसाच्या आतही हीच ओढाताण चालते. गावी एकट्या पडलेल्या वडिलांजवळ राहायचंय आणि मुंबईतली नोकरीही टिकवायची आहे. असा माणूस दोन्हीकडे अर्धा पोचतो, रात्री झोपत नाही, आणि लोक त्याला म्हणतात "मन खंबीर कर". पण मन खंबीर करून जोर लावला, तर तो दोन्ही बाजूंना सारखाच वाढतो.

बक्षीस आणि शिक्षा यांनी मुलं सुधारतात, हा आमचा अनुभव आहे. तो खोटा का?

खोटा नाही, अपुरा आहे. स्किनर यांच्या परंपरेतल्या प्रयोगांत कबुतरांना आधी उपाशी ठेवून त्यांचं वजन, मोकळेपणी खाऊ दिल्यावर असतं त्याच्या साधारण ८० टक्क्यांवर आणलं जाई. मग दाणा हे बक्षीस ठरायचं. पोट भरलेल्या कबुतराला तोच दाणा काही करायला लावत नाही. म्हणजे ताकद दाण्यात नव्हती. कबुतर आपलं पोट सांभाळत होतं, आणि प्रयोग करणाऱ्याने बटण दाबण्याखेरीज दुसरी वाट ठेवली नव्हती.

मुलांवर बक्षिसं चालवायची तर आधी काहीतरी हिरावून घ्यावं लागतं आणि बाकीच्या वाटा बंद कराव्या लागतात. मोबाइल कपाटात ठेवला की मूल अभ्यासाला बसतं, हे खरं. पण ते सांभाळत असतं "मोबाइल परत मिळणं". त्याला मित्राचा फोन, आजीचा फोन किंवा खोटं बोलणं ही वाट सापडली की तो तिकडून जाईल, आणि आपण म्हणू हा बिघडला. शिवाय ज्याला सारखं बाहेरून ढकललं जातं, तो "माझं मी ठरवतो" हे जाणवणं वाचवण्यासाठी उलटा जोर लावतो. तेराव्या-चौदाव्या वर्षी तर नक्कीच.

म्हणून सगळं मोकळं सोडा असं मी म्हणत नाही. रस्त्यावर धावणाऱ्या पोराचा दंड धरायचाच असतो. घराचे नियम असावेत, पण त्यांतून काय सांभाळायचं आहे ते मुलाला कळलेलं असावं आणि त्याचंही काही त्यात सांभाळलं जावं. "तू काय करायला बघत होतास?" हा प्रश्न खऱ्या कुतूहलाने विचारून बघा. उलटतपासणीच्या सुरात विचारलात तर उत्तर मिळणार नाही.

माणूस बदलतो कसा मग?

पॉवर्स यांनी इथे ई. कोलाय या जिवाणूचं उदाहरण वापरलं. तो सरळ पोहतो, मधेच गिरकी घेतो आणि कोणत्याही दिशेने निघतो. परिस्थिती सुधारत असेल तर पुढची गिरकी उशिरा घेतो, बिघडत असेल तर लगेच घेतो. दिशा निवडता येत नसूनही तो अन्नाकडे पोचतो. माणसाच्या आतही हवं ते आणि जाणवतं ते यांतली तफावत फार दिवस टिकली की अशी आंधळी पुनर्रचना सुरू होते, आणि तफावत घटली की ती थांबते. म्हणून बदलाच्या काळात माणूस विचित्र वागतो, एक पाऊल पुढे, दोन बाजूला. त्याला घाई केली तर नवाच धक्का बसतो.

यावर बेतलेली एक उपचारपद्धतही आहे, मेथड ऑफ लेव्हल्स. टिम केरी, वॉरन मॅन्सेल, सारा टाय या मानसशास्त्रज्ञांनी ती पुढे नेली. उपचारक सल्ला देत नाही. माणूस बोलता बोलता मधेच थबकतो, हसतो, मान हलवतो, त्या क्षणी तो विचारतो, "आत्ता मनात काय आलं?" त्या थबकण्यात वरची पायरी डोकावून जाते. लक्ष तिथे पोचलं की पुनर्रचनाही तिथे होऊ शकते. प्रश्न गंभीर असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर मात्र वाचत बसू नका. डॉक्टरांकडे जा किंवा टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा, तिथे मराठीत बोलता येतं.

या सिद्धान्तावर टीका नाही का?

आहे, आणि ती दुर्लक्ष करण्यासारखी नाही. खालच्या पायऱ्यांवर, विशेषतः पडद्यावरचा ठिपका माउसने धरून ठेवण्याच्या प्रयोगांत, मॉडेल आणि माणूस यांची हालचाल जवळजवळ तंतोतंत जुळते. तत्त्वं आणि समग्र कल्पना या वरच्या पायऱ्यांवर इतकं नेमकं काम झालेलं नाही. पुनर्रचना तपासणं अवघड आहे. मुख्य प्रवाहातल्या मानसशास्त्राने पॉवर्स यांना पुरतं स्वीकारलं नाही. मेंदू सतत भाकीत करतो असं मानणारे आजचे सिद्धान्त काही बाबतींत याच्या जवळचे आहेत, पण त्यांचा भर पुढे काय होईल यावर असतो आणि पॉवर्स यांचा आत्ता काय हवंय यावर. वर्गात उभी राहिले की मला दुसरं जास्त उपयोगी पडतं.

याचा वापर करून कोणी आपल्याला गुंडाळू शकतं का?

शकतं. रबर बँडचा प्रयोग पुन्हा करा, आणि या वेळी तुमचं बोट मुद्दाम गोलाकार फिरवा. मैत्रीण गाठ सांभाळण्याच्या नादात स्वतःच्या बोटाने गोल काढील आणि तिला पत्ताही लागणार नाही. माणूस काय सांभाळतोय हे ज्याला कळलं, तो त्या गोष्टीला धक्के देऊन त्याच्याकडून हवी ती हालचाल करून घेऊ शकतो.

"डिजिटल अरेस्ट" ची फसवणूक अशीच चालते. मुंबईत शिकलेसवरलेले, निवृत्त झालेले लोक तिला बळी पडतात आणि नंतर घरचे म्हणतात, "एवढं कसं कळलं नाही?" व्हिडिओ कॉलवर खाकी कपड्यातला माणूस सांगतो की तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत. त्याने नेमका धक्का दिलेला असतो "मी आयुष्यभर सरळ वागलो" या सर्वांत वरच्या जाणिवेला. ती सावरायला माणूस वाटेल ते करतो. कागद दाखवतो, खात्याचा तपशील देतो, "पडताळणीसाठी" पैसे पाठवतो. बुद्धी कमी पडली म्हणून हे होत नाही, चारित्र्याची चाड असते म्हणून होतं. म्हणूनच तो भामटा सांगतो, "दार लावून घ्या, कॅमेरा बंद करू नका, घरात कोणाला बोलू नका." शेजारच्या खोलीतल्या सुनेला तो धक्का बसलेला नसतो, त्यामुळे ती एका वाक्यात हा खेळ मोडू शकते, आणि हे त्याला पक्कं ठाऊक असतं. आपल्या कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकार नाही. असा फोन आला तर तो कट करा, दार उघडा, घरातल्या कोणालाही हाक मारा. पैसे गेले असतील तर १९३० वर ताबडतोब कळवा, जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.